गोरखचिंचेची वंशावळ

१७४९ साली सेनेगल नदीच्या मुखाजवळच्या सोर बेटावर एक फ्रेंच तरुण शिकारीसाठी उतरला. मिशेल आदांसाँ त्याचं नाव. वय बावीस, नोकरी फ्रेंच व्यापारी कंपनीत कारकुनाची, आणि डोक्यात फक्त झाडं-झुडपं. बेटावर हरणं होती, पण ती राहिली बाजूला, कारण एका झाडापुढे त्याचे पाय थांबले. दोन्ही हात पसरून तो खोडाला कवेत घेत पुढे सरकत गेला, तेव्हा तेराव्या कवेला फेरा पुरा झाला. तरी समाधान होईना म्हणून त्याने दोरी लावून मोजलं. घेर भरला ६५ फूट.

हे झाड म्हणजे बाओबाब, आपली गोरखचिंच. त्याची फळं युरोपला त्याआधीच माहीत झाली होती. प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने १५९२ मध्ये इजिप्तच्या वनस्पतींवर लिहिताना कैरोच्या बाजारातल्या या फळाची नोंद केली होती. पण झाडाखाली उभं राहून त्याचं पान, फूल, फळ, साल हे सगळं एका हाती तपासणारा पहिला युरोपीय अभ्यासक आदांसाँच. तो चार वर्षांहून अधिक काळ सेनेगलमध्ये राहिला, तिथल्या लोकांची भाषा शिकला आणि वाळलेल्या पानांची भुकटी ते जेवणात कशी वापरतात हे त्याने टिपून ठेवलं. किनाऱ्याजवळच्या माग्दालेन बेटांवरच्या झाडांवर जुन्या खलाशांनी नावं कोरलेली होती. त्या अक्षरांवरून वाढीचा वेग काढून काही झाडं पाच हजार वर्षांहून जुनी असावीत, असा हिशेब त्याने मांडला. तो हिशेब फुगलेला निघाला. किरणोत्सर्गी कार्बनने वय काढलेलं झिम्बाब्वेतलं ‘पांके’ नावाचं झाड २०११ मध्ये मेलं, तेव्हा सुमारे २,४५० वर्षांचं होतं. पण झाडाचं वय अंदाजाने न सांगता मोजून सांगावं, हा आग्रह मात्र आदांसाँचा होता.

स्वीडनमधून सगळ्या सृष्टीला नावं देत बसलेल्या लिनियसने हे झाड आदांसाँच्याच नावाने ओळखलं जावं असं ठरवलं. १७५९ मध्ये ‘अडॅन्सोनिया डिजिटाटा’ हे नाव छापलं गेलं. डिजिटाटा म्हणजे बोटांसारख्या पानांची. आदांसाँला मात्र हा मान रुचला नाही. स्थानिक लोक ज्या नावाने झाड ओळखतात तेच ठेवावं, असं तो म्हणत राहिला आणि आपल्या लेखनात ‘बाओबाब’च वापरत राहिला. दोघांमधला खरा वाद मात्र नावापलीकडचा होता, आणि माझ्या मते आजच्या जनुकशास्त्रातला कळीचा मुद्दा त्याच वादात दडलेला आहे.

लिनियसची पद्धत सोपी होती आणि म्हणूनच जगभर पसरली. फूल उघडायचं, पुंकेसर मोजायचे, ते सुटे आहेत की जुळलेले हे पाहायचं, की झालं वर्गीकरण. पुंकेसरांचे तंतू जुळून एकच नळी झालेली असेल तर ती वनस्पती ‘मोनाडेल्फिया’ या वर्गात जायची. जास्वंद, कापूस, भेंडी आणि बाओबाब तिथे एकत्र आले. आदांसाँचा आक्षेप असा की, एकच लक्षण हाती धरलं तर ते कधी खरं बोलेल, कधी खोटं, आणि कुठलं कधी हे आधी कळणार नाही. १७६३ मध्ये ‘फामीय दे प्लान्त’ हा ग्रंथ लिहिताना त्याने एकेका लक्षणावर बेतलेल्या ६५ वेगवेगळ्या मांडण्या करून पाहिल्या. पान घेतलं तर कोण कोणाजवळ येतं, फळ घेतलं तर कोण, बी घेतलं तर कोण. जी झाडं अनेक मांडण्यांत पुन्हापुन्हा शेजारी येतील त्यांनाच एका कुळातलं मानायचं. त्यातून त्याने ५८ कुळं ठरवली.

ही पद्धत त्या काळात कोणी फारशी उचलली नाही. राज्यक्रांतीत आदांसाँचं होतं नव्हतं ते गेलं. १८०६ मध्ये पॅरिसमध्ये तो वारला, तेव्हा कबरीवर फक्त एक माळ असावी आणि ती या ५८ कुळांतल्या फुलांची असावी, एवढीच त्याची इच्छा होती. ग्रंथाला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या १९६३ साली, सोकल आणि स्नीथ या दोन शास्त्रज्ञांनी संगणकाच्या मदतीने सगळ्या लक्षणांना सारखं वजन देऊन वर्गीकरण करण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. तिच्या पुरस्कर्त्यांनी आदांसाँला आपला पूर्वज मानलं. पुढच्या इतिहासकारांनी हा दावा बराच सौम्य केला, पण नाव परत चर्चेत आलं ते आलंच.

मधल्या दीडशे वर्षांत गोरखचिंच या कुळातून त्या कुळात फिरत राहिली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कुंट यांनी १८२२ मध्ये सावरीच्या नात्यातल्या झाडांचं ‘बॉम्बॅकेसी’ हे स्वतंत्र कुळ काढलं आणि बाओबाब त्यात गेला. बेंथम आणि हूकर यांना ते पटलं नाही. त्यांनी या झाडांना पुन्हा जास्वंदीच्या माल्व्हेसी कुळात आणलं. आपल्याकडची ब्रिटिश काळातली मोठी कामं, हूकर यांची ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ असो की थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मध्ये लिहिलेली मुंबई इलाख्याची फ्लोरा, यांत काटेसावर आणि गोरखचिंच जास्वंद-कापसाच्याच घरात सापडतात. मग जर्मन परंपरा वरचढ झाली आणि विसाव्या शतकात पाठ्यपुस्तकांत बॉम्बॅकेसी वेगळी, माल्व्हेसी वेगळी, कांडोळ-कौशीची स्टरक्युलिएसी वेगळी, धामण-फालशाची टिलिएसी वेगळी अशी चार घरं पक्की झाली. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी बी.एस्सी.ला हीच चार कुळं पाठ केली.

भिंती कशाच्या आधारे उभ्या होत्या? झाड की झुडूप, परागकण काटेरी की गुळगुळीत, फळ फुटून बिया पडतात की फळाचे सुटे तुकडे होतात, यावर. फूल जवळून पाहिलं तर मात्र या भिंती तेवढ्या भक्कम वाटत नाहीत. जास्वंदीचं फूल घेऊन ब्लेडने उभं कापा. पाकळ्यांच्या मुळाशी सुरू होणारी लाल नळी मधल्या दांडीला जवळजवळ शेवटपर्यंत वेढून असते आणि तिच्या अंगावर, मुख्यतः वरच्या भागात, पिवळे परागकोश बारीक देठांवर चिकटलेले असतात. भिंगाखाली एकेक कोश मूत्रपिंडाच्या आकाराचा दिसतो आणि त्याला एकच कप्पा असतो. बहुतेक फुलझाडांच्या परागकोशाला दोन अर्धे असतात, इथे एकच. आता पावसाळ्याच्या तोंडाशी गोरखचिंचेखाली सकाळी पडलेलं फूल उचला. हाताच्या पंजाएवढं, सुरकुतलेल्या जाड पांढऱ्या पाकळ्या, बाहेर मखमली निदलं मागे वळलेली. मध्ये तीच नळी, पण रुंद आणि वरच्या टोकाला शेकडो तंतूंत फुटून पांढरा गोंडा झालेली. कोश पाहिला तर पुन्हा एकाच कप्प्याचा. आकार, रंग, वास, सगळं निराळं, तरी बांधणी एकच. बेंथम-हूकरना ही बांधणी दिसली होती, त्यांच्या हातात पुरावा मात्र फुलापुरताच होता.

१९९३ मध्ये मार्क चेस आणि इतर ४१ संशोधकांनी सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींमधल्या ‘आरबीसीएल’ या हरितलवकातल्या एका जनुकाची अक्षरं वाचून सगळ्या फुलझाडांची एक वंशावळ प्रसिद्ध केली. वर्गीकरणात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर झाडाचा डीएनए साक्षीला बोलावला गेला. त्यापाठोपाठ जास्वंद-सावरीच्या गोतावळ्यावर लक्ष गेलं. १९९९ मध्ये दोन अभ्यास आले. एका गटाने हरितलवकातलं ‘एनडीएचएफ’ हे जनुक वाचलं, दुसऱ्याने ‘एटीपीबी’ आणि ‘आरबीसीएल’ एकत्र वाचली. दोघांचं उत्तर एक. जुनी चार कुळं वंशाच्या दृष्टीने टिकत नव्हती, त्यांच्या फांद्या एकमेकांत गुंतलेल्या होत्या. दुसऱ्या गटातल्या बायर आणि सहकाऱ्यांनी चारही मिळून एकच मोठं माल्व्हेसी कुळ करून त्यात नऊ उपकुळं मांडली.

काही नाती चकित करणारी निघाली. आग्नेय आशियातल्या ड्युरियन फळाचं झाड पिढ्यानपिढ्या सावरीच्या घरात गणलं जायचं. जनुकांनी ते आपल्या मुरुडशेंगेच्या शेजारी नेऊन बसवलं. काटेसावर आणि गोरखचिंच मात्र एकमेकांजवळच राहिल्या, आणि त्यांच्या उपकुळाची सगळ्यात जवळची शाखा निघाली जास्वंद, कापूस आणि भेंडीची. एकाच कप्प्याचा परागकोश हीच त्या दोन शाखांची एकत्र खूण. फुलाने एवढं खरं सांगितलं होतं, फक्त ते ऐकायला दुसरा साक्षीदार हवा होता.

कुळाचा प्रश्न असा सुटला. प्रजातीच्या आत, म्हणजे बाओबाबच्या जातींमध्ये, गुंता वेगळाच होता. अडॅन्सोनियाच्या आठ जाती आहेत. त्यातली एक आफ्रिका खंडात, एक ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, आणि उरलेल्या सहा मादागास्करमध्ये. (२०१२ मध्ये आफ्रिकेतून ‘किलिमा’ नावाची नववी जात जाहीर झाली होती, ती पुढच्या तपासात टिकली नाही.) १९०८ मध्ये होखरॉयटिनर यांनी फुलांच्या नळीवरून बाओबाबचे गट पाडले. मादागास्करच्या दोन जातींची पुंकेसरनलिका आखूड, म्हणून त्या ‘ब्रेव्हिट्यूबी’, चार जातींची आणि ऑस्ट्रेलियनचीही लांब, म्हणून त्या ‘लाँगिट्यूबी’. आफ्रिकेची गोरखचिंच एकटीच वेगळ्या गटात.

हा फरक संख्येत सांगण्यापेक्षा रात्री पाहण्यासारखा आहे. १९९५ मध्ये डेव्हिड बाऊम या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने बाओबाबच्या परागीभवनाचा तौलनिक अभ्यास आणि आठही जातींची सविस्तर फेरमांडणी प्रसिद्ध केली. बाओबाबची फुलं संध्याकाळी उमलतात, एका रात्रीत काम उरकतात आणि दुसऱ्या दिवशी गळतात, त्यामुळे निरीक्षण अंधारातच करावं लागतं. लाँगिट्यूबी जातींची फुलं बहुधा पिवळी-लाल, गोड वासाची, मध खोल नळीच्या तळाशी दडवलेली. तिथपर्यंत पोचतं ते फक्त हॉकमॉथ पतंगांचं लांबलचक सोंडेसारखं तोंड. पतंग हवेत तरंगत सोंड आत घालतो आणि डोक्यावर, पंखांवर पराग घेऊन निघतो. ब्रेव्हिट्यूबी जाती म्हणजे मोरोंदावाच्या प्रसिद्ध रांगेत उभी असलेली ग्रांदिदिएरी आणि उत्तरेची सुआरेझेन्सिस. त्यांची फुलं पांढरी, नळी आखूड, मध सहज हाती लागणारा, आणि पाहुणे लीमर व फळं खाणारी वटवाघळं. आफ्रिकेच्या आणि आपल्या गोरखचिंचेचं फूलही पांढरं, लांब देठावर उलटं लोंबणारं, उग्र आंबूस वासाचं. तिथेही वाघळं येतात. ती गोंड्याला लटकून मध चाटतात तेव्हा छाती परागाने माखते.

प्रश्न असा: पांढरं फूल आणि सस्तन प्राण्यांचं परागीभवन या जोडीचा जन्म एकदाच झाला की दोनदा?

बाऊमने यासाठी जोडीला घेतले रँडल स्मॉल आणि आयोवाचे जोनाथन वेंडेल. वेंडेल हे कापसाच्या जनुकांचे जगातले मोठे अभ्यासक. कापूस आणि बाओबाब एकाच गोतावळ्यातले असल्याने कापसावर शिकलेली हत्यारं इथे चालली. १९९८ मध्ये या तिघांचा लेख आला. त्यात चार प्रकारचे पुरावे होते. हरितलवकाच्या डीएनएचे विशिष्ट जागी केलेले तुकडे, हरितलवकातल्या ‘आरपीएल१६’ नावाच्या भागाची अक्षरं, केंद्रकातल्या ‘आयटीएस’ भागाची अक्षरं, आणि चौथं म्हणजे फूल-पान-बी यांची बाह्य लक्षणं. आठही जाती आणि तुलनेसाठी नात्यातल्या तीन वनस्पती.

केंद्रकाने आणि फुलापानांनी एक वंशावळ सांगितली. हरितलवकाने दुसरी. मादागास्करच्या लांब नळीच्या जातींबाबत दोन्ही जबान्या जुळेनात. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. केंद्रकातला डीएनए आई आणि बाप दोघांकडून येतो. हरितलवक मात्र बहुतेक फुलझाडांत फक्त आईकडून येतं, जसं आपल्याकडे आडनाव फक्त बापाकडून येतं. दोन जातींचा कधीकाळी संकर झाला आणि पुढच्या पिढ्यांचा पराग सतत एकाच बाजूचा येत राहिला, तर केंद्रक हळूहळू त्या बाजूचं होतं, पण हरितलवक जुन्या आईचंच राहतं. मग हरितलवक वाचणाऱ्याला एक कूळ दिसतं आणि केंद्रक वाचणाऱ्याला दुसरं. दोघंही खोटं बोलत नसतात. त्या झाडाला खरोखरच दोन पूर्वज असतात. बाऊम आणि सहकाऱ्यांनी हीच शक्यता नोंदवली, की जुन्या काळात जातींची सरमिसळ झाली असावी.

आदांसाँने ६५ मांडण्या केल्या त्या याच भीतीने. त्याला जनुक ठाऊक नव्हतं, संकराचा हिशेब ठाऊक नव्हता. पण एका लक्षणावर विसंबून नातं ठरवू नये, हा त्याचा धडा त्याच्याच नावाच्या झाडात असा खरा ठरावा, याचं मला फार मोल वाटतं. कारण डीएनए आला म्हणजे फुलं मोजणाऱ्यांचं काम संपलं, असं समजणारे त्या दशकात पुष्कळ होते. १९९८ चा लेख त्यांना थांबवणारा आहे. एक जनुक म्हणजे पुन्हा एकच लक्षण.

त्याच लेखाने एक जुना समजही मोडला. आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया हे भूभाग एकेकाळी गोंडवन खंडात एकत्र होते. तिथेच बाओबाब उगवला आणि खंड फाटले तशी झाडंही पांगली, ही कहाणी ऐकायला फार सुंदर होती. डीएनएतल्या बदलांच्या वेगावरून काळ काढल्यावर दिसलं, की आफ्रिका-ऑस्ट्रेलियाची ताटातूट गोंडवन फुटून कितीतरी काळ लोटल्यावर झाली. म्हणजे बाओबाब समुद्र ओलांडून गेला. फळाचं कवच लाकडासारखं टणक असतं आणि ते पाण्यावर तरंगतं.

फुलांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र या लेखाने सावधपणे दिलं. पतंगांचं फूल मूळचं आणि सस्तन प्राण्यांकडे वळणं दोनदा स्वतंत्रपणे घडलं, एकदा आफ्रिकेत, एकदा मादागास्करमध्ये, हे संभवतं, एवढंच ते म्हणाले.

समुद्र ओलांडण्याची आणखी एक कथा आहे, आणि ती आपली. भारतात गोरखचिंच मूळची नाही. कोकण किनारा, मुंबई-वसईचा परिसर, गुजरात, माळव्यातलं मांडू इथे ती जुन्या वस्त्यांच्या, दर्ग्यांच्या, किल्ल्यांच्या आसपास उभी दिसते. लोकांनी तिला गोरखनाथांशी जोडलं, आंबट गर खाल्ला, आणि परकी म्हणून कधी पाहिलं नाही. ती आली कशी याचा दस्तऐवज नाही. २०१५ मध्ये केरन बेल, प्रिया रंगन आणि सहकाऱ्यांनी आफ्रिका, भारत, मॉरिशस-रेयुनियन बेटं आणि मलेशिया इथल्या झाडांच्या डीएनएमधल्या दहा जागा तपासल्या आणि निष्कर्ष इतिहासाच्या साधनांशी ताडून पाहिले. पश्चिम आणि मध्य भारतातल्या झाडांचा स्वतःचा वेगळा गट निघाला. त्याच्या सगळ्यात जवळची आफ्रिकी झाडं मोंबासा ते दार-ए-सलाम या किनाऱ्यावरची. आणि आपल्या झाडांत आफ्रिकेत न आढळलेली काही जनुकरूपं मिळाली. समजलं जात होतं त्यापेक्षा जास्त काळापासून आणि एकाहून अधिक वेळा हे झाड भारतात येत राहिलं, असा त्यांचा निष्कर्ष. आग्नेय भारतातली झाडं मात्र पश्चिम आफ्रिकेच्या गटातली. ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय वसाहतींच्या जाळ्यातून आली.

या अभ्यासातली एक नोंद वाचून पुढे जाता येत नाही. झांबेझीच्या खोऱ्यात आणि किल्वा बंदराजवळ एकाच ठिकाणी वेगवेगळ्या गटांची झाडं मिसळलेली आढळली. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत आतल्या मुलखातून माणसं पकडून गुलाम म्हणून बंदरांवर आणली जात. ही सरमिसळ त्या वाटांची खूण असू शकते, असं संशोधक म्हणतात. कोकणाचा आणि पूर्व आफ्रिकेचा संबंध आपल्याला जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे ठाऊक आहे, पण तो सरदार-किल्लेदारांचा इतिहास झाला. ज्यांची नावं कुठल्याच बखरीत आली नाहीत अशा माणसांच्या वाटचालीचा माग झाडाच्या पेशींत सापडतो, हे या शास्त्राचं मला सर्वांत मोठं देणं वाटतं. वर्गीकरणासाठी बनवलेलं हत्यार इथे माणसांच्या इतिहासाच्या कामी आलं.

फुलांचा अर्धवट राहिलेला प्रश्न २०२० मध्ये पुन्हा उघडला गेला. या वेळी निसा करिमी, बाऊम, वेंडेल आणि संख्याशास्त्रज्ञ सेसिल आने असा गट होता. एक-दोन जनुकांवर आता भागणार नव्हतं. त्यांनी आधी बाओबाबसाठी खास असे डीएनएचे छोटे तुकडे तयार केले, नमुन्यातल्या डीएनएमधून नेमके हवे ते केंद्रकीय भाग त्यांना चिकटून बाहेर येतील असे. त्यामुळे प्रत्येक जातीतून शेकडो जनुकं एका दमात वाचता आली. प्रत्येक जनुकाची वंशावळ वेगळी काढली की बऱ्याच जुळतात, काही जुळत नाहीत. न जुळण्याला दोन कारणं असू शकतात. जाती फार भराभर वेगळ्या झाल्या तर जुनी विविधता पुढच्या शाखांत कशीही वाटली जाते, हे एक. दुसरं संकर. पहिल्या कारणाने येणारा विस्कळीतपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो, संकराचा एका बाजूला कललेला. तो कल मोजता येतो. त्यातून नुसती फांद्यांची वंशावळ न काढता, फांद्या जिथे पुन्हा जुळल्या तिथे जोड दाखवणारं जाळं काढता येतं.

त्या जाळ्यात निदान एक जोड ठामपणे दिसली. सगळ्यात भक्कम पुरावा होता तो मादागास्करच्या रुब्रोस्टिपा या जातीच्या आणि लांब नळीच्या इतर जातींच्या गाभ्यामधल्या सरमिसळीचा. दोन्हीकडची फुलं पिवळी-लाल, दोन्हीकडे पतंग. १९९८ मधल्या दोन जबान्यांचा विरोध याच जागी होता. शिवाय काहीसा कमजोर, पण दुर्लक्ष करता येणार नाही असा पुरावा मिळाला तो आफ्रिकेची शाखा आणि मादागास्करची आखूड नळीची शाखा यांच्यामधल्या देवाणघेवाणीचा. दोन्ही पांढऱ्या फुलांच्या, दोन्ही सस्तन प्राण्यांच्या.

याचा अर्थ फुलाच्या इतिहासासाठी मोठा आहे. दोन दूरच्या जातींची फुलं सारखी दिसली की शास्त्र आजवर दोन उत्तरं द्यायचं. एक तर ते रूप समान पूर्वजाकडून आलं, नाही तर दोघांनी परिस्थितीला तोंड देताना ते स्वतंत्रपणे कमावलं. वाघळांना पांढरा रंग आणि आखूड नळी सोयीची, म्हणून आफ्रिकेत आणि मादागास्करमध्ये तेच फूल दोनदा घडलं, हे उत्तर दुसऱ्या प्रकारचं. करिमींच्या गटाने तिसरी वाट खुली केली. ते रूप घडवणारी जनुकं एका शाखेकडून दुसरीकडे संकरातून आलेली असू शकतात. फूल दोनदा घडलं नसेल, ते हस्तांतरित झालं असेल. हे मोजण्यासाठी या गटाला नव्या गणिती पद्धतीही तयार कराव्या लागल्या, कारण आधीच्या बहुतेक पद्धती पुन्हा न जुळणाऱ्या फांद्यांच्या वंशावळीवर बेतलेल्या होत्या. उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या जाती पक्क्या, हद्दी पक्क्या, असं मानून लिहिलेली पुस्तकं अजून आपल्या कपाटांत आहेत. ती आता याच नजरेने पुन्हा वाचली पाहिजेत.

मे २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात चीनमधल्या वुहान वनस्पती उद्यानाच्या नेतृत्वाखालच्या आणि लंडनच्या क्यू उद्यानातल्या संशोधकांचाही सहभाग असलेल्या गटाने आठही जातींचे संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केले. आता एखादा भाग, काही जनुकं असा प्रश्नच राहिला नाही, सगळं लेखन समोर होतं. त्यांच्या मते आज जिवंत असलेल्या बाओबाबांचं माहेर मादागास्कर. सुमारे २ कोटी १० लाख वर्षांपूर्वी तिथे त्यांचा उगम, आणि सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाकडे प्रस्थान. जातींच्या सरमिसळीचा निष्कर्ष संपूर्ण जनुकसंचावरही कायम राहिला. आजची विविधता फुटत आणि जुळत गेलेल्या शाखांमधून आली आहे. बेटाभोवतीच्या समुद्राची पातळी वर-खाली होत राहिली, जातींमध्ये आपसांत स्पर्धा राहिली, आणि त्यानुसार झाडांची संख्या कमी-जास्त होत गेली असावी, असाही अंदाज जनुकांच्या विविधतेतून बांधता आला.

त्याच वाचनातून चिंताही पुढे आली. मादागास्करमधल्या पांढऱ्या फुलांच्या दोन्ही जाती, ग्रांदिदिएरी आणि सुआरेझेन्सिस, यांच्या संरक्षणाच्या दर्जाचा फेरविचार व्हावा असं या गटाने सुचवलं. दुसरी सूचना लांब नळीच्या जातींबद्दल आहे. उत्तरेच्या जंगलात मूठभर उरलेली पेरिएरी ही अतिसंकटग्रस्त जात. मादागास्करमध्ये दूरवर पसरलेली झा ही तिची जवळची नातलग. झाचा प्रभाव पेरिएरीला घातक ठरण्याची प्रवृत्ती दिसते, म्हणून पेरिएरीच्या जोडीने झाच्या संख्येवरही कडक पाळत ठेवावी, असं त्यांनी लिहिलं आहे. संरक्षणाच्या यादीत आजवर दुर्मीळ जातींची नोंद व्हायची. इथे एका मुबलक जातीवर पहारा ठेवायला सांगितलं गेलं, आणि तो जनुकसंच वाचल्यानंतर.